मामांसाठी मोठं इंजिन

मामा आणि मामांच्या गाडीचं इंजिन एकाच आठवड्यात गेलं. आधी कोण गेलं यावर आमच्या घराण्यात अजून एकमत नाही. माझं म्हणणं, इंजिन आधी गेलं. इस्पितळात कुणीतरी मामांच्या कानावर ते घातलं आणि त्यांनी धीर सोडला. माझ्या आईचं म्हणणं बरोबर उलटं. तिच्या मते मालकाच्या मागे राहण्यात काही अर्थ नाही, असं इंजिनानं ठरवलं. "कुणाकुणाला नसते तेवढी समज त्याला होती," असं ती वर म्हणते, आणि माझ्याकडे बघते.

जाण्यापूर्वी अटुआ मामा एकच गोष्ट स्पष्ट बोलले. मी आणि आई खाटेशी होतो. मामांनी डोळे उघडले, मला ओळखलं आणि म्हणाले, "ओबुओबी, मला वर ओबोसोला माझ्या गाडीतून ने. भाड्याच्या गाडीत मला झोप लागत नाही."

मी "हो" म्हणालो. मरणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणतात? शिवाय तेव्हा मला इंजिनाचं माहीत नव्हतं.

आता आमच्यात माणूस गेला म्हणून लगेच कुणी त्याला पुरत नाही. तसं केलं तर लोक विचारतात, एवढी घाई कसली, काय लपवायचंय? घराला रंग द्यायचा असतो, मोठाले फलक छापायचे असतात, काळं-लाल कापड निवडायचं असतं, परदेशातल्यांच्या रजा मंजूर व्हायच्या असतात. तोवर माणूस शीतगृहात थांबतो. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ जमिनीचा दावा निकाली लागेपर्यंत थांबले होते. ते बाहेर आले तेव्हा दाव्यातला प्रतिपक्ष शेजारच्याच कप्प्यात आलेला होता, आणि दोघांत आता चांगलं जमतं असं तिथला राखणदार सांगायचा.

आईला मात्र हा थांबण्याचा प्रकार मुळीच मानवला नाही. अटुआ मामा तिचे थोरले भाऊ. ती रोज सकाळी माझ्यापुढं लापशीचा वाडगा ठेवायची आणि विचारायची, "तो अजून थंडीतच आहे ना?"

"हो आई."

"त्याला लहानपणापासून थंडी सोसत नाही."

मी खाली बघून लापशी खायचो.

आमच्यात मामाचं भाच्याला मिळतं. मामांची गाडी त्यामुळे माझी झाली. त्यांच्या मुलांना मिळाला तो बापासाठी शवपेटी करण्याचा मान. या वाटणीत पोरांना आपल्यावर अन्याय झाल्यासारखं वाटतं, पण त्यांनी गाडी पाहिली असती तर वाटलं नसतं. लांबलचक, मागं सपाट, फ्रेंच बनावटीची जुनी स्टेशन वॅगन. मामा तिच्यातून जन्मभर एनॅमलच्या परातींचे ढीग डोंगरावरच्या बाजारात न्यायचे. मूळ रंग कुणाला आठवत नव्हता. अंगणात ती इतके दिवस उभी होती की आमच्या एका कोंबडीनं तिच्या खाली दोन पिढ्या वाढवल्या. तिच्यात मामांना आडवं करून न्यायला जागा उत्तम होती. फक्त पुढं इंजिन नव्हतं, आणि आम्ही राहतो त्या न्कॉकॉपासून डोंगरावरच्या आमच्या मूळ गावापर्यंत, ओबोसोपर्यंत, सगळा चढच चढ आहे.

मी गाडी दोरीनं ओढवून मास्टर कोबियाकडे नेली. आमच्या भागात फिटरला मास्टर म्हणतात, आणि कोबिया स्वतःलाही म्हणतो. त्याच्या आवारात जिकडे तिकडे गाड्यांची उघडी पोटं पडलेली असतात.

"माझ्याकडे दोन आहेत, साहेब," तो म्हणाला. "दोन्ही होम-यूज्ड. म्हणजे परदेशात वापरलेली, चांगल्या घरची."

एक इंजिन स्टुलावर होतं, अंगावर टॉवेल पांघरून. बाळाला आंघोळ घालून ठेवावं तसं. दुसरं आंब्याखाली होतं. पावरोटी वाहून नेणाऱ्या कुठल्याशा डबा-गाडीतून काढलेलं. त्याच्यावर एक बकरी उभी होती आणि तरी पायाखाली जागा उरली होती.

"हे लहान," कोबिया म्हणाला. "खातं कमी, बोलतं कमी, तुमच्या गाडीत न कापता बसेल. पण चढाला रडेल."

"आणि ते?"

"ते चढाला रडवेल."

"बसेल का पण?"

कोबियानं गाडीच्या तोंडात हात घालून वीत मोजली, मग बकरीला हाकलून इंजिनावर वीत मोजली. "थोडं कापावं लागेल," तो म्हणाला. 'थोडं' हा शब्द फिटर, दंतवैद्य आणि राजकारणी वापरतात तेव्हा माणसानं तिथून निघून जावं. मी गेलो नाही.

मी सरकारी वजनमाप निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. हे इथं सांगणं भाग आहे. न्कॉकॉच्या बाजारात मी शिरलो की टोमॅटोवाल्या बायांच्या मापाच्या डब्यांची पोचे पडलेली बुडं आपोआप सरळ व्हायची. अशा माणसासमोर दुसरा माणूस वितीनं इंजिन मोजतो, तेव्हा आत काहीतरी दुखतं. पण आधी लहान की मोठं ते ठरायचं होतं, आणि ते माझ्या एकट्याच्या हातात नव्हतं.

बायको मुलीच्या बाळंतपणासाठी अक्राला गेलेली. त्यामुळे मला आवरायला कुणी नव्हतं आणि सल्ला द्यायला सगळं गाव मोकळं होतं. पहिला आला शेजारचा लारतेय. हा मोटार शिकवण्याची शाळा चालवतो. समुद्रकाठचा माणूस, त्यामुळे डोंगराबद्दल त्याला फार ज्ञान.

"मोठं घ्या, इन्स्पेक्टर," तो कुंपणावरूनच म्हणाला. "मेलेला माणूस जिवंतापेक्षा जड असतो."

"वजन तेवढंच राहतं हो. मी उभी हयात वजनं केली."

"मेलेल्यांची?"

"नाही. टोमॅटोंची."

"मग!" लारतेय म्हणाला आणि कुंपणाआड खाली गेला. मला उत्तर सुचलं ते रात्री अंथरुणावर, पण तोवर तो झोपला होता.

दुसऱ्या दिवशी पास्टर आले. त्यांच्या मते लहान इंजिन हे नम्रतेचं लक्षण. तिसरी आली आंबवलेल्या मक्याचे गोळे विकणारी आमची केंकेवाली. ती म्हणाली, तिच्या दिराच्या गाडीला मोठं इंजिन बसवलं, तेव्हापासून तो दुसऱ्या बाईकडे राहतो. या दोन गोष्टींचा संबंध काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, "पूर्वी त्याची गाडी तिथपर्यंत पोचत नव्हती."

अखेर कुटुंबाची बैठक बसली. आमच्या कुळाचे प्रमुख नाना अडोफो खुर्चीत. ते पूर्वी अत्तरं विकायचे, त्यामुळे कुठल्याही प्रश्नाला आधी नाक वर करतात.

"लहान इंजिन?" नानांनी नाक वर केलं. "लोक काय म्हणतील? अटुआला भाच्यानं शिवणयंत्रावर बसवून आणलं?"

"पण नाना, लहान न कापता बसतं."

"माणूस आयुष्यात एकदाच मरतो, इन्स्पेक्टर. पत्रा किती वेळाही जोडता येतो."

यावर मंडळींनी माना हलवल्या. दुसऱ्या एका काकांनी तेलाच्या खर्चाचं काढलं. त्यावरही मंडळींनी तितक्याच माना हलवल्या. दुपार उलटली. मग आमच्या रीतीप्रमाणे नाना उठले आणि गंभीरपणे म्हणाले, "आम्ही म्हातारीला विचारून येतो."

ही म्हातारी कोण, असं विचारायचं नसतं. ती नसते. निर्णय अडला की चार वडीलधारे बाजूला जातात, कुजबुजतात आणि परत येऊन सांगतात, म्हातारी असं असं म्हणाली. म्हातारीच्या तोंडून आलं की कुणाला वाद घालता येत नाही. तर नाना आणि तिघे जण पाण्याच्या टाकीपाशी गेले. वाटेत ओट्यावर माझी आई कसावा सोलत बसली होती. सबंध कुळात तिच्याहून म्हातारं कुणी हयात नाही. चौघंही तिचा पाय चुकवून, अंगावरची कापडं सांभाळून पलीकडे गेले, टाकीआड डोकी जवळ आणली आणि पुन्हा तिचा पाय चुकवून परत निघाले.

"काय म्हणाली म्हातारी?" आईनं सुरी न थांबवता विचारलं.

"मोठं बसवा म्हणाली," नाना म्हणाले.

"हल्ली बोलते कमी," आई म्हणाली, "पण बोलते ते अगदी तुमच्या मनातलं."

त्याच संध्याकाळी हॅम्बुर्गहून सिल्वेस्टरचा फोन. सिल्वेस्टर म्हणजे मामांचा थोरला. बापाच्या गाडीला अजून इंजिन नाही म्हणून तो चिडलेला होताच, पण शवपेटीच्या बाबतीत त्याला कमीपणा घ्यायचा नव्हता. "दादा, ओडुम लाकडाची करतोय. पितळी कठडे, आत मखमल. सुताराला माप हवंय. गाडीत आत लांबी किती?"

हा प्रश्न त्यानं योग्य माणसाला विचारला होता. मी पोलादी टेप काढली. मागचं दार ते पुढच्या बैठकीची पाठ, असं अंतर डावीकडून घेतलं, उजवीकडून घेतलं, मधून घेतलं. खात्रीसाठी स्वतः आत आडवा पडलो. तेवढ्यात रस्त्यावरून पास्टर चालले होते. ते थांबले, काचेतून आत पाहिलं, टोपी काढून छोटीशी प्रार्थना केली आणि गेले. मी हललो नाही, कारण माप बिघडलं असतं.

"लिहून घे," मी सिल्वेस्टरला सांगितलं आणि मिलिमीटरपर्यंत आकडा दिला. "याहून एक केस जास्त नको."

"कमीही करत नाही, दादा," तो म्हणाला. "पुरेपूर करतो. बाबा आयुष्यभर परातींच्या मधे अंग चोरून बसले. निदान आता पाय पसरू देत."

इतकं चांगलं वाक्य त्या पोराच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. माप बरोबर होतं हे मी आजही शपथेवर सांगेन.

मग कोबियानं कापायला सुरुवात केली.

मोठं इंजिन गाडीच्या तोंडात उतरवलं ते अर्धं बाहेर राहिलं. तेव्हा त्यानं पुढची जाळी कापली. तरी बॉनेट बसेना. तेव्हा बॉनेटला भोक पाडलं आणि त्यातून इंजिनाचं डोकं बाहेर काढलं. गाडीला टेंगूळ आल्यासारखं दिसू लागलं. रेडिएटर मावेना, म्हणून इंजिन मागं सरकवलं. इंजिन मागं सरकलं म्हणून पायाशी असलेला पत्रा आत ढकलला. पत्रा आत आला म्हणून पेडलं आत आली, गिअरची दांडी माझ्या मांडीपाशी आली आणि बॅटरीला पुढं जागाच उरली नाही. ती त्यानं शेजारच्या बैठकीच्या जागी लोखंडी पेटीत बसवून टाकली आणि पेटीवर एक फळी मारली. "बसायलाही होईल," तो म्हणाला.

हे सगळं चाललं असताना मी त्याच्या आवारात एका उलट्या खोक्यावर बसून असायचो. शाळा सुटल्यासारखी माणसं येत-जात. एकजण येऊन माझी टोपी, बूट, छत्री न्याहाळून गेला. तो कोबियाला विचारत होता, "हे म्हातारं कुठल्या गाडीबरोबर आलं?" कोबिया म्हणाला, "लांबड्या गाडीबरोबर. पण त्याचे सुटे भाग मिळत नाहीत."

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा जे झालं ते मी तिखटमीठ लावून सांगणार नाही. आंब्यावरचे कच्चे आंबे पडले. बकरी गेली ती पुन्हा आली नाही. पलीकडच्या चर्चमधली प्रार्थना थांबली, आणि जगाचा शेवट आला असं समजून दोघे तिघे गुडघे टेकायला बाहेर आले. कोबियानं मात्र आनंदानं माझ्या पाठीवर थाप मारली. "साहेब, हे ओबोसोला नाही, आभाळाला नेईल!"

"ओबोसोपर्यंत पुरे," मी म्हणालो.

इंजिन बदललं की त्याचा नंबर कागदावर बदलावा लागतो. नाहीतर डोंगराच्या नाक्यावरचा पोलीस गाडी बाजूला घेतो आणि मामा नाक्यावरच राहतात. म्हणून मी जिल्ह्याच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाई भाजलेलं केळं खात होत्या.

"मालकाची सही?"

"मालक वारले."

"मग गाडी विकलेली नाही असं मालकानं स्वतः येऊन सांगावं लागेल."

"बाई, ते शीतगृहात आहेत."

"कधी सुटणार?"

"शनिवारी."

"शनिवारी आम्ही बंद असतो."

त्यांनी केळ्याचा पुढचा घास घेतला. मी निवृत्त सरकारी माणूस. अशी खिडकी मी आतून पाहिली होती. बाहेरून ती किती उंच असते ते पहिल्यांदाच कळलं. मी वारसाचा पुरावा दाखवला, नाना अडोफोंचं पत्र दाखवलं, मामांच्या मृत्यूचा फलक दाखवला. फलक त्यांना आवडला. "देखणे होते हो," त्या म्हणाल्या. "बरं, जुनं इंजिन मेल्याचा दाखला?"

"म्हणजे?"

"म्हणजे इंजिन आणून दाखवा. नाहीतर तुम्ही दोन्ही वापराल."

एका गाडीत दोन इंजिनं कशी वापरायची, हे विचारण्याची ती जागा नव्हती. मी टॅक्सी केली. मामांचं जुनं इंजिन मागच्या बैठकीवर ठेवलं. तेल गळेल म्हणून टॅक्सीवाल्यानं त्याच्यावर काळं-लाल कापड गुंडाळलं. माझ्याजवळ तेवढंच होतं, शनिवारसाठी आणलेलं. रस्त्यात बस थांब्यावरची माणसं आम्हाला पाहून उठून उभी राहिली. एका म्हाताऱ्यानं छातीवर हात ठेवला. टॅक्सीवाला मला हळूच म्हणाला, "कोण, वडील?" मी म्हणालो, "मामांचं." त्यानं रेडिओ बंद केला.

बाई बाहेर आल्या. त्यांनी कापड उचललं, इंजिनाला पेनानं टोचलं, थोडं थांबल्या. इंजिन काही बोललं नाही. त्यांनी शिक्का मारला.

या सगळ्यात मामांचा शनिवार एकदा पुढं गेला होता, मग पुन्हा पुढं गेला होता. फलकांवरची तारीख दोनदा चिकटपट्टीनं झाकून वर नवी लिहिली. दरवेळी आईला सांगायला मीच जायचो.

"इंजिन अजून बसलं नाही, आई. पुढचा शनिवार."

ती म्हणायची, "तिथं पांघरूण देतात का रे?"

मी एकदा खरंच तिथल्या राखणदाराला विचारलं. तो माझ्याकडे इतक्या दयेनं बघायला लागला की मी माझीच तब्येत बरी नाही असं सांगून बाहेर पडलो.

अखेर शनिवार उजाडला. सगळीकडे हरमाटनची, वाळवंटाकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याची, धूळ भरलेली, सूर्य पांढरट, डोंगराचा माथा दिसतच नव्हता. शीतगृहाच्या अंगणात दोन बसभर माणसं काळ्या-लाल कापडात जमली होती. मी गाडी आतून धुतली होती, मागं नवी चटई अंथरली होती, तिच्यावर पांढरी चादर. गाडी फुरफुरत उभी होती. लोक तिच्या टेंगळाकडे बघत, मग माझ्याकडे बघत. दुपारच्या आत दफन व्हायला हवं, असं नानांनी भोंग्यावरून दोनदा बजावलं होतं.

सिल्वेस्टर आला. सहाजणांनी पेटी बाहेर आणली. ओडुमचं लाकूड, पितळी कठडे. सगळं अंगण "आहा" म्हणालं. माझ्याही तोंडून आलं. आम्ही ती हळूच गाडीच्या मागं टेकवली आणि आत सरकवली. ती गेली, गेली, आणि थांबली. दार लागायला हातभर उरलं.

"पुढं ढकला," सिल्वेस्टर म्हणाला.

ढकललं. पेटी माझ्या बैठकीच्या पाठीला लागली होती. बैठक तिच्या जागी नव्हती. पत्रा आत आला, पेडलं आत आली, तेव्हा माझे पाय मावावेत म्हणून कोबियानं बैठकही मागं घेऊन जोडून टाकली होती. हे माझ्या डोळ्यांसमोर झालं होतं. मी त्या खोक्यावर बसून पाहिलं होतं आणि वर म्हणालो होतो, "हं, आता पाय बरे पसरतात."

"दादा," सिल्वेस्टर अगदी सावकाश म्हणाला, "माप कुणी दिलं होतं?"

"माप बरोबर होतं," मी म्हणालो. "गाडी चुकली."

पेटी उलटी घालून पाहिली. तिरकी घालून पाहिली, तर बॅटरीच्या पेटीला अडली. ती कापली तर गाडीच सुरू होणार नव्हती. लारतेय काहीही काम नसताना पुढं आला आणि म्हणाला, "दार उघडंच ठेवा, दोरीनं बांधा."

"आमच्या अटुआला?" नानांनी भोंगा खाली न घेताच नाक वर केलं, त्यामुळे ते सगळ्या अंगणाला ऐकू गेलं. "पाय बाहेर काढून? रताळ्याच्या पोत्यासारखा?"

मी म्हणालो, मी हळू नेईन. मी म्हणालो, मी मागं बसून दार धरतो. मी म्हणालो, मामांनी मला सांगितलंय. कुणाचं तरी लक्ष होतं की नाही, मला आठवत नाही. मी पेटीचा पितळी कठडा धरून उभा होतो आणि सिल्वेस्टर माझी बोटं एकेक करून सोडवत होता. हळूच, रागानं नाही.

"राग मानू नका, दादा," तो म्हणाला. "शंका नव्हती, पण मी एक रुग्णवाहिका सांगून ठेवली होती."

ती फाटकाबाहेर उभीच होती. पांढरी, नवीकोरी, निळे दिवे लावलेली. मामा तिच्यात अलगद गेले. दार लागलं. सायरन वाजायला लागला, बसेस मागं लागल्या आणि सगळी वरात धुळीत दिसेनाशी झाली. मामांना जन्मात कुठं जायची एवढी घाई झालेली मी पाहिली नव्हती.

अंगणात मी उरलो, गाडी उरली आणि आई. ती बसमध्ये चढली नव्हती. ती बॅटरीच्या फळीवर उशी ठेवून आधीच बसून राहिली होती, हातातला रुमाल घडी करून.

"चल," ती म्हणाली.

आम्ही निघालो. गाव संपलं, चढ लागला. पहिलं वळण आलं आणि गेलं. दुसरं आलं. इथं मालट्रक रांगत जातात, लोक खाली उतरून चाकामागं दगड टाकत चालतात. आमची गाडी बाजारात निघाल्यासारखी चालली होती. इंजिन गुणगुणत होतं. मागं चटई आणि पांढरी चादर. वळणावर चादरीचा एक कोपरा उडायचा आणि पुन्हा बसायचा.

"कशी मुकाट चढतेय," आई म्हणाली.

"मोठं इंजिन आहे, आई."

ती बराच वेळ काचेबाहेर बघत होती. बाहेर धुळीशिवाय काही नव्हतं.

"लहान बसवलं असतं तर पेटी मावली असती ना?"

"मावली असती."

"मग?"

"मग काय! इथंच बंद पडली असती. या वळणावर. मामांसकट, सगळ्यांच्या देखत. शोभलं असतं का?"

"सगळे होतेच की मागं," आई म्हणाली. "दोन बसभर. खाली उतरून ढकलली असती."

मी गिअर बदलला. बदलायची गरज नव्हती.

"गाणी म्हणत ढकलली असती," ती म्हणाली. "नाना अडोफोनंसुद्धा. त्याला काय धाड भरली होती? पुरुष मागून, बायका बाजूनं. वर पोचायला वेळ लागला असता. लागू दे. मीही हात लावला असता."

"आई, तुझ्या हातानं गाडीला काय होणार होतं?"

"गाडीला काही नसतं झालं," आई म्हणाली.

पुढच्या वळणावर ती एकदा मागं वळली, चादरीकडे पाहिलं आणि हात मागं नेऊन उडालेला कोपरा नीट केला. मग पुन्हा समोर बघू लागली. वरून, धुळीतून, सायरन ऐकू येत होता. दर वळणाला थोडा बारीक. मग तोही डोंगराच्या पलीकडे गेला.

मी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला. गाडी थांबेल, निदान दमेल, असं वाटलं होतं. इंजिनाला त्याचं काही नव्हतं. ते आम्हा दोघांना घेऊन तसंच चढत राहिलं.